गुडघ्याला शॉकवेव्ह घेताय? पहिल्या चिठ्ठीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत

"मॅडम, करंट देणार का?" शॉकवेव्ह घ्यायला आलेल्या बहुतेक काकूंचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि विचारताना हात गुडघ्यावर गेलेला असतो. म्हणून ते आधीच सांगते. यात करंट नसतो. इथला 'शॉक' म्हणजे दाबाची लाट. जवळ सुतळी बॉम्ब फुटला की आवाजाबरोबर छातीवर एक दणका जाणवतो, तसाच पण अगदी छोटा आणि एकाच जागी दिलेला दणका.

दुसरा घोळ नावांचा. फिजिओथेरपीच्या खोलीत शॉर्टवेव्ह नावाचंही एक मशीन असतं. ते खोलवर शेक देतं. मुंग्या आल्यासारखं वाटणारं, पट्ट्या किंवा वाट्या लावून दिलं जाणारं आयएफटी, म्हणजे सौम्य करंटचं मशीन, हे तिसरं. शॉकवेव्ह या दोन्हींपेक्षा वेगळी आणि बरीच महाग. "शॉकवेव्ह घेतली, काही उपयोग झाला नाही" असं सांगणाऱ्या पेशंटना खोदून विचारलं तर कितीदा तरी कळतं की त्यांनी शॉर्टवेव्ह घेतलेली होती. तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आधी नीट वाचा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि झिजलेले गुडघे रोज हाताळते. शॉकवेव्हबद्दल माझं मत एका ओळीत सांगायचं तर ते असं: ती गुडघा नवा करत नाही, पण बऱ्याच जणांचं दुखणं काही आठवडे-महिने कमी करते, आणि त्या काळात मांडीचा स्नायू बळकट करून घेतला तरच पैसे वसूल होतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: दुखणं कशाचं आहे ते ठरवून घ्या

गुडघा दुखला की घरोघरी निदान तयार असतं. गादी झिजली, तेल संपलं, वात धरला. शॉकवेव्हचा विचार करायचा तो झिजेच्या संधिवातासाठी, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी. त्याची ओळख साधी आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे, दुखणं चालल्यावर, जिना उतरताना, खाली बसून उठताना वाढतं, आणि सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकत असेल, हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी, डॉक्टर वेगळे, आणि तिथे उशीर केला तर सांधे कायमचे वाकडे होतात.

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर दुखणं सुरू झालं असेल. गुडघा मधेच अडकून सरळच होत नसेल. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल. किंवा रात्री आडवं पडल्यावरही दुखणं थांबत नसून वजनही उतरत चाललं असेल, तर कुठल्याही मशीनच्या नादी न लागता आधी डॉक्टरांकडे जा.

एक्स-रे काढायचा असेल तर उभं राहून काढून घ्या. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडांमधली फट खरी आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. अहवालात 'ग्रेड २' किंवा 'ग्रेड ३' असं लिहिलेलं असतं, ती केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ अशी मोजपट्टी. गुडघ्यावरचे शॉकवेव्हचे बहुतेक अभ्यास दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या पेशंटवर झाले आहेत. चौथ्या ग्रेडला, हाडाला हाड लागून पाय धनुष्यासारखा वाकला असेल, तर शॉकवेव्हकडून फार अपेक्षा ठेवू नका. अर्थात एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ दरवेळी बसतोच असं नाही. भयानक दिसणाऱ्या एक्स-रेचा माणूस आरामात चालत येतो आणि बऱ्यापैकी फट शिल्लक असलेल्या बाईला जिना उतरवत नाही. म्हणून नुसता एक्स-रे बघून, गुडघ्याला हात न लावता शॉकवेव्ह लिहून देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, थोडं खाली, स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात तिथे दाबलं की कळ येते अशा बायका पुष्कळ असतात. त्यांच्या दुखण्याचा मोठा भाग सांध्याच्या बाहेरचा असतो, आणि तो बोटाने चाचपूनच सापडतो.

दुसरी पायरी: मशीन काय करतं ते समजून घ्या

ही लाट आपल्याकडे आली ती मुतखड्याच्या वाटेने. जर्मनीतल्या डॉर्नियर या विमानं बनवणाऱ्या कंपनीत अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्यावर काय होतं याचा अभ्यास चालला होता. त्यातून दाबाच्या लाटांचं ज्ञान हाती आलं आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉक्टर ख्रिश्चन चॉसी यांच्या पथकाने शरीराबाहेरून लाटा सोडून माणसाच्या मूत्रपिंडातला खडा पहिल्यांदा फोडला. पुढे या लाटांचा हाडांवर आणि स्नायूबंधांवरही परिणाम होतो असं लक्षात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली टाचदुखीसाठी आणि २००३ साली टेनिस एल्बोसाठी अशा मशीनला मान्यता दिली. गुडघ्याच्या झिजेचा नंबर त्यानंतरचा. खडा फोडायला लागते तेवढी ताकद गुडघ्याला वापरत नाहीत, त्यामुळे "हाड तर फुटणार नाही ना" ही भीती मनातून काढून टाका.

मशीन दोन जातींची. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत जास्त दिसतं ते रेडियल. त्याच्या हँडलमध्ये दाबलेल्या हवेने एक छोटी गोळी पुढे ढकलली जाते, ती टोकावर आपटते आणि तो दणका कातडीतून आत पसरतो. रस्ता फोडणाऱ्या ड्रिलचं तत्त्व हेच. त्याचा जोर कातडीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि खोल जाताना कमी होत जातो. दुसरं फोकस्ड. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणावं तशी ते लाट शरीराच्या आत ठरलेल्या खोलीवर एकवटतं. ते महाग असतं आणि कमी ठिकाणी मिळतं. गुडघ्याचा सांधा कातडीपासून फार खोल नसल्याने दोन्ही प्रकार वापरले जातात. तुमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच की आपल्याला कुठलं देताहेत ते विचारून घ्या, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असतात. रेडियलची ताकद 'बार'मध्ये (दाबाचं माप) सांगतात, फोकस्डची मिलिज्यूलमध्ये (ऊर्जेचं माप). एका दवाखान्यातल्या आकड्यांची तुलना दुसऱ्याशी करायची असेल तर आधी मशीन एकच आहे का ते बघा.

आत काय होतं? वेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची टोकं काही काळ मंदावतात, त्या भागातलं रक्ताभिसरण वाढतं, आणि कुर्चेखालच्या, म्हणजे सांध्यातल्या गादीखालच्या, हाडाला दुरुस्तीचा इशारा मिळतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसांत खोट्या शॉकवेव्हशी, म्हणजे आवाज तोच पण लाट पोचतच नाही अशा मशीनशी, तुलना केलेल्या अनेक चाचण्यांत खरी घेतलेल्यांचं दुखणं सरासरीने जास्त कमी झालं. मात्र या चाचण्या लहान आहेत आणि प्रत्येकीत डोस वेगळा आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ च्या गुडघ्याच्या मार्गदर्शिकेत शॉकवेव्ह 'वापरता येईल' असं म्हटलं, पण शिफारशीचा दर्जा 'मर्यादित' ठेवला. झिजलेली कुर्चा माणसाच्या गुडघ्यात शॉकवेव्हने पुन्हा उगवते, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. तसं आश्वासन देणाऱ्या जाहिरातीवर एक रुपयाही घालवू नका.

तिसरी पायरी: आपल्याला चालेल का?

गरोदरपणात नाही. त्या भागात गाठ किंवा कर्करोग असेल, जंतुसंसर्ग किंवा उघडी जखम असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर नाही. त्या गुडघ्याचं सांधारोपण आधीच झालेलं असेल तर त्याचं दुखणं आधी शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनना दाखवा. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही.

ज्यात सगळ्यात जास्त चुका होतात ते म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. आपल्याकडे साठीच्या पुढच्या कितीतरी जणांना हृदयासाठी ती चालू असते आणि "रोजच्या गोळ्या" म्हणून ती सांगायची राहून जाते. रक्त गोठण्यावर परिणाम करणारं औषध चालू असेल तर शॉकवेव्हने आत रक्त साकळू शकतं. गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन या आणि दाखवा. आणि हात जोडून सांगते, शॉकवेव्हसाठी ती गोळी मनाने बंद करू नका. गुडघा थांबू शकतो, हृदय थांबून चालत नाही.

गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा. साधारण सहा आठवडे जाऊ द्यायचे असतात.

चौथी पायरी: दवाखाना निवडताना

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नका. मला कुणी विचारलं की बरंच वाटतं. मशीन प्रत्यक्ष कोण चालवणार हेही विचारा, कारण काही ठिकाणी तपासतं एक माणूस आणि हँडल धरायला मदतनीस असतो.

पैशाचं आधीच स्पष्ट करून घ्या. एका वेळचे किती, दोन्ही गुडघ्यांचे वेगळे का, व्यायाम शिकवण्याचे त्यातच धरलेत का. दहा वेळांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. गुडघ्यासाठी सहसा आठवड्यातून एकदा, असं चार-पाच वेळा देतात. तीन वेळांनंतर थांबून हिशेब करायची मोकळीक तुमच्याकडे राहू द्या. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत ओपीडीतले उपचार धरलेत का ते कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवरचं "हो मिळेल" नंतर कुणाला आठवत नाही.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: "बरोबर कुठले व्यायाम देणार?" याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तो दवाखाना सोडा.

पाचवी पायरी: पहिला दिवस

घरून निघण्याआधी दोन मोजमापं करा. जिना उतरताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते वहीत लिहा. मग भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. हे दोन आकडे पुढे फार कामाला येतात. "जरा बरं वाटतंय बहुतेक" यावरून काहीच ठरवता येत नाही.

कपडे सैल घाला, गुडघ्याच्या वर सहज सरकतील असे. उपाशीपोटी येऊ नका.

तुम्हाला उताणं झोपवतात आणि गुडघा वाकवून ठेवतात. थेरपिस्ट बोटाने चाचपून दुखरे बिंदू शोधते आणि पेनने खुणा करते. ही चाचपणी दोन मिनिटांत उरकली तर मला ती कमी वाटते. मग सोनोग्राफीला लावतात तसं गार जेल. ते हवं भरपूर, कारण हँडल आणि कातडी यांमध्ये हवा राहिली तर लाट आत जातच नाही. हँडल वाटीच्या कडेने आणि सांध्याच्या फटीच्या रेषेवर फिरवतात. गुडघ्यामागच्या लवणीत मोठ्या रक्तवाहिन्या असतात आणि बाहेरच्या बाजूला खाली, हाडाच्या गोळ्यापाशी, पायाचा पंजा उचलणारी नस जाते. या दोन जागा टाळतात. तिथे हँडल गेलं आणि पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली तर लगेच "थांबा" म्हणा.

आवाज मोठा असतो, सलग टकटकटक. पहिल्यांदा आलेली माणसं दुखण्यापेक्षा आवाजालाच दचकतात. रेडियल मशीनवर मी दीड बारच्या आसपास सुरुवात करते आणि शंभर-दोनशे दणक्यांनंतर पेशंटला विचारत विचारत वाढवते. एका वेळी साधारण दोन हजार दणके, सेकंदाला आठ. म्हणजे २५० सेकंद, जेमतेम चार मिनिटं. चाचपणी, जेल, पुसणं धरून वीस मिनिटांत तुम्ही मोकळे.

दुखतं का? हो, दुखऱ्या बिंदूवर दुखतं. दहापैकी पाचपर्यंतची कळ चालेल. त्यापुढे गेली तर सांगा, जोर कमी करता येतो. दात-ओठ खाऊन सोसणारे आजोबा मी पाहिलेत, "जास्त दुखलं की जास्त गुण" असं समजून. तसं काही नसतं. आणि जागा बधिर करणारं इंजेक्शन देऊन शॉकवेव्ह घेऊ नका. टाचदुखीच्या अभ्यासात बधिर करून दिल्यावर गुण कमी आलेला दिसला आहे, शिवाय कुठे आणि किती दुखतंय हे तुम्ही सांगितल्याशिवाय थेरपिस्टला नेमकी जागा कळत नाही.

सहावी पायरी: घरी गेल्यावर, आणि जेजुरीची गोष्ट

त्या रात्री गुडघा ठणकू शकतो. कातडी लाल होते, कधी निळसर डाग उमटतो, थोडी सूज येते. एक-दोन दिवसांत उतरतं. रोजचं चालणं, घरातली कामं बंद करू नका. फक्त दोन दिवस उड्या, जड ओझं, उकिडवं बसणं, जास्तीचे जिने नकोत. दुखणं थांबवणारी गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून आधीच घरात आणून ठेवा, कारण मूत्रपिंडाचा किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांना मेडिकलमधून हाताला लागेल ती गोळी महागात पडते. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच असेल, ताप आला, पोटरी दुखू लागली तर फोन करा.

काहींना उलटा अनुभव येतो. खाटेवरून उतरतानाच "अरे, हलकं वाटतंय" म्हणतात. इथे मला जास्त काळजी वाटते. माझ्या एक पेशंट दुसऱ्या खेपेनंतर इतक्या खूश झाल्या की तिसऱ्याच दिवशी जेजुरीला जाऊन गड चढून आल्या. खंडोबाचं दर्शन कितीतरी वर्षांनी झालं म्हणून डोळ्यांत पाणी होतं, आणि गुडघा मात्र नारळाएवढा सुजलेला. पुढचे तीन आठवडे आमचे सूज उतरवण्यात गेले. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत शॉकवेव्ह दिलेल्या घोड्याला पुढचे काही दिवस उतरवू देत नाहीत, कारण दुखणं जाणवेनासं झालं की तो इजा झालेल्या पायावरही धावतो. माणसाचं तेच होतं. दुखणं कमी झालं म्हणजे सांधा तेवढ्याच वेगाने मजबूत झाला असं नसतं. गड चढायचाच असेल, जरूर चढा, पण तीन महिन्यांनी, मांडीत ताकद आल्यावर.

सातवी पायरी: खरं काम, चार-पाच आठवड्यांचं

आठवड्याला चार मिनिटं मशीन. उरलेला आठवडा तुमचा. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्याचा भार झेलतो, आणि दुखतंय म्हणून वापर कमी केला की तोच पहिल्यांदा वाळतो. शॉकवेव्हने दुखणं थोडं उतरलं की त्याला जागं करायची संधी मिळते.

सुरुवात अशी. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी घट्ट झालेली हाताला कळली पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे सोपं वाटू लागलं की उताणं पडून, एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचला, पाच आकडे धरा, सावकाश खाली. श्वास रोखू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खुर्चीवरून उठबस. आधी खुर्चीवर उशी ठेवून उंच बसायचं, आठ-दहा वेळा उठायचं, मग उशी काढायची. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर व्यायाम बरोबर चाललाय. नाही उतरलं तर पुढच्या वेळी निम्मे करा, पण बंद करू नका.

घरातल्या काही गोष्टी बदला. भाकरी खाली बसून थापत असाल तर ओट्यावर थापा. पूजेला पाटाऐवजी स्टूल घ्या, देव रागावत नाही. भारतीय संडासावर ठेवायची खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते. काठी वापरायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलटी धरतात.

वजनाबद्दल बोललेलं कुणाला आवडत नाही, तरीही बोलते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जाड वृद्धांचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो असं मोजलं गेलं. पाच किलो उतरलं तर वीस किलो, आणि दिवसात पावलं किती हजार पडतात! ब्रिटनच्या २०२२ च्या संधिवात मार्गदर्शिकेतही व्यायाम आणि वजन हेच उपचाराच्या मुळाशी ठेवले आहेत. कुठलंही मशीन त्यांच्या जागी बसवलेलं नाही.

आठवी पायरी: तीन खेपांनंतर आणि बारा आठवड्यांनी

तिसऱ्या खेपेनंतर वही उघडा. जिन्याचं दुखणं सातावरून सहावर आलंय? उठबशा सहाच्या आठ झाल्यात? मग उरलेल्या खेपा पुऱ्या करा. दोन्ही आकडे जागचे हलले नसतील तर थेरपिस्टबरोबर बसून विचारा की जागा बदलायची, जोर बदलायचा, की थांबायचं. "अजून पाच घ्या, मग गुण येईल" एवढंच उत्तर असेल तर थांबा.

शॉकवेव्हचा परिणाम हळूहळू उलगडतो, त्यामुळे शेवटचा हिशेब बारा आठवड्यांनी करा. तोपर्यंत आकडे स्पष्ट सुधारले असतील तर मशीन विसरा आणि व्यायाम चालू ठेवा. सहा महिने-वर्षाने दुखणं पुन्हा वर आलं तर दुसऱ्यांदा घेता येते. बारा आठवडे व्यायाम मनापासून करूनही रात्रीची झोप मोडत असेल, बाजारापर्यंत जाणं बंद झालं असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना उभं राहून काढलेला एक्स-रे, चालू गोळ्यांची पिशवी आणि ती वही बरोबर ठेवा. सांधारोपणाचा सल्ला मिळाला तर घाबरून जाऊ नका. २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आहे, तेव्हा अंदाजपत्रक मागताना सांध्याची किंमत वेगळी लिहून द्यायला सांगा. आणि मांडीचे ते व्यायाम शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत सोडू नका. ऑपरेशननंतर वॉकर धरून पहिल्यांदा उभं राहाल तेव्हा त्याच स्नायूवर उभं राहायचं आहे.